कारण : घरगुती

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा घरात शाळा-शाळा खेळायची. 2021 सालची गोष्ट. भिंतीला टेकवून तीन बाहुल्या, एक अस्वल आणि सासूबाईंची जपमाळेची पिशवी अशी पाच मुलं तिने ओळीत बसवलेली होती. कपाटाचं दार म्हणजे फळा. मी स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते. बराच वेळ बाहेरून काहीच ऐकू येईना, म्हणून डोकावले. बाई शिकवत नव्हत्या. खुर्चीत बसून टीव्हीच्या रिमोटवर अंगठा फिरवत होत्या आणि मान वर न करता वर्गाला सांगत होत्या, "गप्प बसा जरा, बाईंना माहिती पाठवायचीय."

मी तशीच आत आले. तव्यावरची चपाती करपली होती.

तोवर तिने मला वर्गात शिकवताना पाहिलंच नव्हतं. शाळा बंद होत्या. घरात तिला जी शिक्षिका दिसत होती तिची तिने हुबेहूब नक्कल केली, एवढंच. आता ती पाचवीत आहे, तो खेळ केव्हाच सुटला. मला मात्र शिक्षकांच्या घराबद्दल आणि कामाबद्दल कुणी काही बोलायला लागलं की ती खुर्ची आणि तो रिमोट आठवतो.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. शाळा पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर, पहिली ते चौथी, मुलं सत्तावीस, शिक्षक दोन. राहायला कराडला. सकाळी साडेआठला घर सोडते, संध्याकाळी साडेसहाला परत. पावसाळ्यात यात तासभर मिळवायचा.

माझे वडीलही प्राथमिक शिक्षक. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. 1971 ला लागले, 2008 ला निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. त्यांची बहुतेक नोकरी खटाव तालुक्यात गेली. शाळेला लागून दोन खोल्या, तेच आमचं घर. संध्याकाळी जेवणं व्हायच्या वेळेला कुणी ना कुणी ओट्यावर येऊन बसलेलं असायचं. सैन्यातल्या मुलाचं पत्र आलंय, तेवढं वाचून दाखवा. मनीऑर्डरचा फॉर्म भरून द्या. पोरीला स्थळ आलंय, तुम्ही एकदा घर बघून या. 1981 आणि 1991 ची जनगणना अण्णांनी रानातल्या वस्त्यांवर पायी फिरून केली. कुटुंबनियोजनाच्या केसेस आणा म्हणून त्यांच्यामागे लकडा असायचा, अल्पबचतीची खाती काढा म्हणून असायचा. तेव्हा शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं आजच लागली असं म्हणणं खरं नाही. ती आधीपासून होती.

तरी अण्णांच्या तोंडून "मला घराला वेळ देता येत नाही" असं वाक्य मी कधी ऐकलं नाही. लहानपणी वाटायचं, अण्णांना सगळं जमतं. आता स्वतः सतरा-अठरा वर्षं नोकरी केल्यावर कळतं की ते जमवणारी दुसरीच होती. आम्ही चार भावंडं, विहिरीचं पाणी, एक म्हैस, अण्णांचे म्हातारे आईवडील आणि ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला चहा, हे सगळं आई करायची. अण्णा रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या दिवशीच्या पाठांचं टाचण काढत बसायचे आणि आई आम्हाला "गप झोपा, अण्णा काम करत्यात" म्हणून दटावायची. नोकरी आणि घर यांची ओढाताण त्या घरातही होतीच. ती सगळी तिच्या अंगावर पडत होती, आणि तिचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं.

माझ्या घरात ती आई नाही. म्हणजे ती मीच आहे, आणि अण्णाही मीच आहे.

मला पहिली नेमणूक मिळाली चिपळूण तालुक्यात. शिक्षणसेवकाला तेव्हा महिन्याला 3000 रुपये मानधन होतं, ते तीन वर्षं. पुढे ते 6000 झालं, आणि 2023 पासून 16000. त्या 3000 मधले आठशे खोलीभाड्याला जायचे. 2011 ला लग्न झालं. हे कराडजवळ साखर कारखान्यात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की धावतपळत चिपळूणचा स्टँड गाठायचा, कुंभार्ली घाट चढून कराड, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. पावसाळ्यात घाटात दरड आली की तो शनिवार गेला.

2015 ला मुलगी झाली. प्रसूती रजा 180 दिवसांची. ती संपली तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. तिथली खोली पावसात गळायची, जवळपास पाळणाघर नाही, आणि सासूबाईंना कराड सोडवेना, कारण सासरे अंथरुणाला खिळलेले. शेवटी बाळ कराडला आणि मी चिपळूणला. पहिल्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीला दूध भरून यायचं. मी मुलांना रांगेत खिचडी खायला बसवून भांडारखोलीत जायची, तांदळाच्या पोत्यांमागे उभी राहून दूध काढून टाकायची आणि पदर नीट करून बाहेर यायची. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी एकदा ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडारखोलीच्या दाराला आतून लावायला त्यांनी घरून एक कडी आणून ठोकली.

मुलगी बोलायला लागली तेव्हा सासूबाईंना "आई" म्हणायची. मला "चिपूनची आई". घरात सारखं "चिपळूणची गाडी आली का, चिपळूणहून फोन आला का" एवढंच कानावर पडायचं, त्यातून तिने तिचं तिने जोडलेलं. शेजारणी हसायच्या, मीही हसायची. गाडी घाट उतरायला लागली की मग रडायची.

बदलीसाठी अर्ज दरवर्षी करत होते. हे खासगी नोकरीत, म्हणून पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ मला नव्हता. 2017 पासून बदल्या ऑनलाइन झाल्या. त्या पोर्टलला आम्ही शिक्षक कितीही नावं ठेवत असलो तरी त्याने वशिल्याचा बाजार बराच मोडला हे मी मान्य करते, कारण माझ्यासारखीला वशिला नव्हताच. 2019 ला आंतरजिल्हा बदली झाली. आंतरजिल्हा बदलीत सेवाज्येष्ठता शून्यावर येते. अकरा वर्षं नोकरी करून मी सातारा जिल्ह्याच्या यादीत तळाला गेले. आदेश हातात पडला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आणखी खाली टाकलं असतं तरी आले असते. आजही सकाळी ज्या एसटीने मी शाळेच्या फाट्यावर उतरते तिच्या कपाळावर चिपळूणचीच पाटी असते. मी उतरते आणि गाडी घाटाकडे जाते.

वाटलं होतं, आता सगळं मार्गी लागलं. पुढच्याच मार्चमध्ये कोरोना आला.

"शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं तेव्हा राज्यभर चाललेलं. त्यात खूप शिक्षकांनी खूप चांगलं काम केलं, वाड्यावस्त्यांवर, झाडाखाली, देवळात मुलं शिकवली. मीही शिकवली. सोबत "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चं सर्वेक्षण होतं, नाक्यावरच्या नोंदी होत्या. त्या काळात त्याबद्दल तक्रार नव्हती, लोक मरत होते. पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट नकळत पक्की झाली. शाळा फोनमध्ये आली. पालकांचा ग्रुप, केंद्राचा म्हणजे आसपासच्या शाळांचा ग्रुप, त्याहून मोठ्या बीटाचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, प्रत्येक प्रशिक्षणाचा वेगळा. शाळा पुन्हा उघडल्या. ग्रुप राहिले. माझ्या फोनमध्ये आज कामाचे सोळा ग्रुप आहेत.

पूर्वी टपाल यायचं. कागदाचं टपाल केंद्रशाळेत यायचं, तिथून कुणाच्या तरी हाती आपल्या शाळेत. त्याला दोन-चार दिवस लागायचे आणि माहिती द्यायलाही दोन-चार दिवस मिळायचे. आता टपाल रात्री पावणेनऊला येतं. "सोबतच्या लिंकवर उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." खाली ज्यांनी भरली नाही त्या शाळांची नावं पुन्हापुन्हा येत राहतात. लाल अक्षरांत आपल्या शाळेचं नाव दिसलं की घशाखाली घास उतरत नाही. हे पाठवणारे केंद्रप्रमुख वाईट आहेत असं मुळीच नाही. त्यांना ते साडेआठला आलेलं असतं.

शाळेतच का भरत नाही, असं हे मला विचारायचे. एक दिवस त्यांना शाळेवर घेऊन गेले. आमच्या वाडीवर इंटरनेटची रेंज मिळते ती शाळेच्या मागच्या कट्ट्याच्या एका कोपऱ्यावर, तीही वारं असेल तशी. फॉर्म अर्धा भरला की चाक फिरत राहतं. त्यामुळे जे काही ऑनलाइन आहे ते कराडला घरी येऊन करायचं, म्हणजे रात्री. दुसरं कारण आमच्या मुलांचे वडील. पाटण तालुक्यातली कितीतरी माणसं मुंबईला, माथाडीत नाहीतर मिळेल त्या कामाला. पोरं आजी-आजोबांजवळ. मुलांचा अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढायचा होता तेव्हा पालकांचं संमतिपत्र हवं होतं. शिवाय आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरवरचं नाव एका काना-वेलांटीने जरी वेगळं असलं तरी जुळत नव्हतं. वडिलांशी बोलायचं तर ते रात्री नऊनंतरच मोकळे. मी भांडी घासता घासता फोन कानाला लावून नवी मुंबईतल्या बाजारात काम करणाऱ्या माणसाला त्याच्या मुलाच्या नावातला "श" कुठला ते विचारत होते. मुलगी शेजारी गणिताची वही घेऊन उभी होती. "आई, हे बघतेस का?" "दोन मिनिटं थांब." तिने विचारायचं सोडलं. ती आता गणितं बाबांना दाखवते. बाबांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही, ती त्यांना शिकवते आणि त्यातून स्वतः शिकते. चांगलंच आहे. पण ती वही माझ्याकडे येत होती.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र घरातली नाही. ती वर्गातली आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमचे सर तालुक्याला प्रशिक्षणाला गेले होते. द्विशिक्षकी शाळेत एक जण गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. मी चौथीला निबंध दिला, तिसरीला पाढे, पहिली-दुसरीला घेऊन बसले. दुसरीत एक मुलगा होता. दीड वर्ष तो अक्षरं सुटी सुटी वाचायचा. क, म, ळ. तिन्ही अक्षरं बरोबर यायची, पण विचारलं "काय झालं?" की गप्प. मी चित्रं काढली, चिठ्ठ्या केल्या, त्याच्या बकरीच्या नावाची अक्षरं त्याला लावायला दिली. ज्याने मुलांना वाचायला शिकवलंय त्याला ठाऊक असतं, तो क्षण एकदाच येतो. अक्षरं एकमेकांना धरतात आणि मुलाच्या चेहऱ्यावर कळतं. काल येत नव्हतं, आज येतं. त्या एका क्षणासाठी मी ही नोकरी करते, असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

साडेअकराला फोन आला. त्या दिवशीच्या उपक्रमाचे फोटो बारापर्यंत हवेत. मी फोटो काढले आणि मागच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहिले. दोन फोटो गेले, तिसरा जाईना. हात वर करून, कोपरा बदलून, दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत आले तर दुसरी-तिसरीची पोरं त्या मुलाभोवती गोळा झालेली. चौथीतली एक मुलगी मला बघून धावत आली. "बाई, बाई, ह्यो वाचाय लागला की!"

मी त्याच्यासमोर बसले. त्याने माझ्यासाठी पुन्हा वाचलं. कमळ. बदक. नंतर फळ्यावरचा सुविचार, अडखळत पण सलग. मी त्याला जवळ घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथे नव्हते. दीड वर्ष मी ज्या दाराशी बसले होते ते उघडलं तेव्हा मी शाळेच्या मागे हात वर करून उभी होते.

त्या रात्री मला एक साखळी स्पष्ट दिसली. आम्ही नेहमी म्हणतो की शाळेचं काम घरात शिरतं. त्याआधी काहीतरी शाळेत शिरलेलं असतं. फोटो आणि लिंका तासाचा वेळ खातात. तास बुडाला की राहिलेलं शिकवणं मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. मग वह्या तपासायच्या राहतात, त्या पिशवीतून घरी. वह्यांनी संध्याकाळ घेतली की स्वयंपाक उशिरा, झोप उशिरा, आणि मुलीची गणितं बाबांकडे. सगळ्यात आधी हानी होते ती वर्गातल्या मुलांची, त्यांच्यामागून माझ्या मुलीची. घरच्या वेळेचा हिशेब मांडायचा तर तो संध्याकाळी साडेसहापासून मांडून चालणार नाही. तो सकाळच्या परिपाठापासून मांडायला हवा.

वह्यांबद्दल माझी तक्रार नाही. मुलांच्या वह्या घरी आणायला मला आवडतं. रविवारी दुपारी चहा घेऊन त्या बघत बसते. कुणीतरी निबंधात लिहिलेलं असतं, "माझा आवडता प्राणी म्हैस आहे कारण ती पावसात पण दूध देते." मी ते मोठ्याने वाचते, मुलगी ऐकते, सासूबाई हसतात. शाळा घरात येऊच नये असं मला वाटत नाही. अण्णांच्या ओट्यावरही ती येतच होती.

रजेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्यांना ते कळत नाही. 2018 पासून राज्यातल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत 180 दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. फार चांगला निर्णय. मी त्यातले आजवर नऊ दिवस घेतलेत. कुणी अडवलं म्हणून नव्हे. मी रजेवर गेले तर माझ्या जागी कुणी येत नाही. चार वर्ग आणि खिचडी सरांवर पडतात, आणि सरांच्या आईचं डायलिसिस चालू आहे. म्हणजे माझ्या मुलीला दिलेला प्रत्येक दिवस मी त्यांच्या आईच्या दिवसातून उचलायचा. असं कोण उचलेल? कागदावर रजा आहे, पण रजेच्या जागी उभं राहायला माणूस नाही. मोठ्या शाळांमधून हे एवढं टोचत नसेल. वाड्यावस्त्यांवर रजा ही सोबतच्या शिक्षकाकडे मागितलेली उसनवारी असते.

आणि म्हणून आम्ही अर्जात खरं कारण लिहीत नाही. "घरगुती कामानिमित्त." "प्रकृती अस्वास्थ्यामुळे." ताप आला असेल तर रजा मागताना मान ताठ असते. मुलीची पालकसभा असेल तर मान खाली जाते. मी वर्षातून कितीतरी पालकसभा घेते, पालकांना तळमळीने सांगते की तुमचा अर्धा तास मुलाला द्या. माझ्या मुलीच्या पालकसभेला पाच वर्षांत मी दोनदा गेले.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 27 नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे किमान तास 45 दिलेत, आणि त्यात तयारीचे तास धरलेत. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. रात्री उद्याच्या पाठासाठी चिठ्ठ्या कापत बसणं हे कामच आहे असं कायदा म्हणतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या कोणत्या कामांना शैक्षणिक म्हणायचं आणि कोणत्या अशैक्षणिक, याची विभागणीही केली. पण फोटो पाठवणं, लिंक भरणं, एकच पट तीन ठिकाणी नोंदवणं हे कशात धरायचं? त्याला शाळेचं नाव लावलेलं असतं, म्हणून ते शैक्षणिक दिसतं.

निवडणुकीला मी नाही म्हणत नाही. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा आम्ही चौघी आदल्या रात्री एका शाळेत बाकं जोडून झोपलो, पहाटे चारला गार पाण्याने अंघोळी केल्या, आणि साहित्य जमा करून घरी पोचायला पुढची पहाट झाली. दमलो, पण काम देशाचं होतं आणि ते संपलं. आता 2027 ची जनगणना येतेय. अण्णा अजून विचारतात, "घरयादीचं प्रशिक्षण लागलं का?" त्यांना त्यात अभिमान आहे. मलाही असेल. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट आहे ते काम माणूस उचलतो.

"तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या," हे प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. वर्षाला 76 सुट्ट्या आहेत, खरं आहे. पगारही चांगला आहे, वेळेवर होतो. माझी डी.एड.ची मैत्रीण एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवते. तिचा पगार माझ्या पगाराच्या पाव हिश्शाहून कमी, मे महिन्यात तिला प्रवेशासाठी घरोघर फिरायला लावतात, आणि बाळंतपणात नोकरीच गेली होती, ती नंतर दुसरीकडे लागली. तिच्यापुढे मी माझं गाऱ्हाणं मांडत नाही. पण तिचं दुःख मोठं म्हणून माझं खोटं ठरत नाही, हे तिनेच मला एकदा सांगितलं.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त राहिलीय त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागेल. मी 2008 ची, तेव्हा टीईटी नव्हतीच. गुणवत्ता हवी हे मला पटतं, परीक्षेची भीती नाही. वेळ कुठून आणायचा हा प्रश्न होता. पुस्तकं आणली. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी. बालमानसशास्त्र वाचत होते, मुलाला ऐकून घेणारं प्रौढ माणूस लागतं वगैरे. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, तू माझ्याशेजारी बसलीस की मला अभ्यास करावासा वाटतो." ती तीन महिने रोज तिथे बसायची. परीक्षेने आम्हाला एक टेबल दिलं, हे मी विसरणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि सरांनी एक ठरवलं. सकाळी अकरा ते एक दोघांचेही फोन दप्तराच्या लोखंडी कपाटात. गावातल्या एका आजोबांना सांगून ठेवलं, काही अडीअडचण असेल तर शाळेत या. केंद्रप्रमुखांना सरळ सांगितलं, या दोन तासांत आम्ही शिकवतोय, माहिती दीडला मिळेल. पहिल्या आठवड्यात तीन वेळा बोलणी खाल्ली. एकदा आमच्या शाळेचं नाव लाल अक्षरांत दिवसभर राहिलं. मग केंद्रप्रमुखच एकदा शाळेवर आले, अकराला, आणि वर्गात मागे बसून राहिले. जाताना म्हणाले, "मॅडम, माझा पण ठेवा कपाटात." त्यांचा फोन काही कपाटात राहू शकत नाही. पण तेव्हापासून त्या वेळेत त्यांचा फोन येत नाही. दोन तासांनी सगळं सुटलं असं नाही. रात्री पावणेनऊला लिंक येतेच. पण वह्या शाळेतच तपासून होतात, पिशवी हलकी असते, आणि फाट्यापर्यंतच्या उतारावर मी जरा सावकाश चालते.

येत्या शनिवारी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. ती नाटकात आहे. काम शिक्षिकेचं. कशी करणार आहेस म्हणून विचारलं, तर सांगत नाही, "तू ये आणि बघ" म्हणते.

काल मधल्या सुट्टीत रजेचा अर्ज लिहायला घेतला. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सरांकडे आहे, त्यामुळे अर्ज त्यांच्याच नावे. विषय : किरकोळ रजा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून... हात सवयीने "घरगुती" या शब्दापर्यंत आला. "घ" लिहून झाला होता. मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहिलं, "माझ्या मुलीचे स्नेहसंमेलन असल्यामुळे."

सरांनी अर्ज वाचला, सही केली, आणि मस्टरवर शनिवारच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात खूण करून ठेवली. मग म्हणाले, "मंगळवारी आईचं डायलिसिस आहे. मीही तसंच लिहू का?"

"लिहा सर," मी म्हटलं. बाहेर ताटं धुतल्याचा आवाज येत होता. एक वाजून पाच मिनिटं झाली होती, फोन अजून कपाटातच होते.